मदत हवी आहे: बंद पडलेल्या अणुवीज केंद्राचा इन्स्पेक्शन रिपोर्ट वाचायचा कसा?

नमस्कार मंडळी,

इकडे इंग्लंडमध्ये आम्ही राहतो तिथून जवळच एक जुनं मॅग्नॉक्स (ब्रिटनच्या पहिल्या पिढीच्या रिअ‍ॅक्टरचा प्रकार) केंद्र आहे. वीज बनवणं कधीच बंद झालंय, फ्युएल सगळं काढून सेलाफील्डच्या अणुकेंद्राला गेलंय, आता पाडापाडी आणि कचरा डब्यात भरायचं काम चालू असतं. त्याची एक साइट स्टेकहोल्डर ग्रुप नावाची कमिटी आहे, गावातले लोक, काउन्सिलवाले, कंपनीची माणसं आणि ओएनआरचा इन्स्पेक्टर असे सगळे बसतात (ओएनआर म्हणजे ऑफिस फॉर न्यूक्लिअर रेग्युलेशन). आमच्या भागातर्फे यंदा मला त्यात ढकललंय. मी अकाउंट्सवाला माणूस, बारावीनंतर फिजिक्सशी संबंध नाही.

मीटिंगच्या आधी इन्स्पेक्टरचा तिमाही रिपोर्ट येतो तो वाचायला घेतला आणि पार गोंधळलोय. एलसी २८ तपासलं, ग्रीन. एलसी ३४ तपासलं, ग्रीन. मग क्रेन आणि अ‍ॅस्बेस्टॉसबद्दल दोन ओळी, मग कसल्यातरी रेग्युलेटरी इश्यूबद्दल एक ओळ आणि संपलं. आता माझा प्रश्न असा की फ्युएलच नाही म्हटल्यावर हे लोक दर तिमाहीला येऊन बघतात तरी काय, आणि अणुइन्स्पेक्टर क्रेन कशाला बघतोय? सगळं ग्रीन म्हणजे खरंच ठीक आहे की हा नुसता शिक्का? शेजारचे एक आजोबा म्हणतात की रिअ‍ॅक्टरची बिल्डिंग अजून उभी आहे म्हणजे काहीतरी लपवतायत, त्यांना काय सांगू तेही कळत नाही. मीटिंगमध्ये नेमके काय प्रश्न विचारावेत? विकिपीडियाच्या लिंका नकोत प्लीज, वाचून झाल्यात.

— हिशेबनीस

गायगर_काका

हिशेबनीस, चांगला धागा काढलात. मी रेडिएशन प्रोटेक्शनमध्ये होतो, रिटायर झालोय, त्यामुळे लांबलचक लिहिणार, सहन करा.

फ्युएल काढलं की साइटवरची ९९ टक्क्यांहून जास्त रेडिओअ‍ॅक्टिव्हिटी निघून जाते हे खरंय. आता चेन रिअ‍ॅक्शन नाही, फ्युएलला थंड ठेवायची भानगड नाही. पण जे उरलंय ते फार गैरसोयीच्या जागी उरलंय. पाँडच्या (वापरलेलं फ्युएल ठेवायच्या पाण्याच्या टाकीच्या) तळाचा गाळ, जुन्या व्हॉल्टमध्ये (काँक्रीटच्या कोठीत) कित्येक वर्षांपूर्वी टाकलेला कचरा, ग्रॅफाइटचा गाभा. मॅग्नॉक्सची खास डोकेदुखी म्हणजे फ्युएलवरून सोलून काढलेले मॅग्नेशियम मिश्रधातूचे तुकडे, त्यांना पाणी लागलं की हायड्रोजन सुटतो आणि कोरडे असले तर आग लागायची भीती. चालू केंद्रात हे सगळं बंद झाकणाखाली पडून होतं, डीकमिशनिंगमध्ये (केंद्र मोडीत काढताना) तुम्ही मुद्दाम झाकण उघडता. म्हणून इन्स्पेक्टर हवा.

एलसी म्हणजे लायसन्स कंडिशन. ब्रिटनमध्ये प्रत्येक लायसन्सला साधारण सारख्याच ३६ कंडिशन जोडलेल्या असतात आणि वीज बंद झाली म्हणून त्या गळून पडत नाहीत. २८ म्हणजे यंत्रणांची तपासणी, देखभाल, टेस्टिंग. ३२ कचरा साठू न देण्याबद्दल, ३४ गळतीबद्दल, ३५ खुद्द डीकमिशनिंगबद्दल. २८ मध्ये इन्स्पेक्टर काय करतो? मेंटेनन्स शेड्यूल मागतो, त्यातली एखादी ओळ उचलतो, समजा गाळाच्या टाकीखालच्या संपचा (गळालेलं पाणी साठायच्या खड्ड्याचा) लेव्हल अलार्म. शेवटची टेस्ट कधी, ड्यू डेट काय होती, सही कोणाची, तो माणूस त्या कामाला पात्र आहे का, त्याचं ट्रेनिंग रेकॉर्ड दाखवा. मग तिथे जाऊन अलार्मवरचा टॅग नंबर कागदाशी जुळतो का बघतो. तुमच्या ऑडिटमध्ये व्हाउचर उचलतात तसंच, सगळं कोणी तपासत नाही.

म्हणूनच ग्रीनचा अर्थ एवढाच घ्या, की जेवढं सॅम्पल बघितलं त्यात औपचारिक कारवाई करण्यासारखं काही नव्हतं. अंबर म्हणजे सुधारणा करा, रेड म्हणजे करायलाच लावणार. शिक्का नाहीये तो, पण सर्टिफिकेटही नाही.

आजोबांना सांगा की बिल्डिंग उभी ठेवणं हा लपवायचा नाही तर वाट बघायचा प्रकार आहे. रिअ‍ॅक्टरच्या स्टीलमध्ये रेडिओअ‍ॅक्टिव्ह कोबाल्ट-६० तयार झालेला असतो, त्याचं अर्धायुष्य (निम्मा व्हायला लागणारा काळ) ५.२७ वर्षं, म्हणजे पन्नास वर्षांत तो साधारण सातशेव्या हिश्श्यावर येतो आणि कापणाऱ्या माणसाला रेडिएशनचा डोस फार कमी बसतो. सिझियम-१३७ मात्र ३० वर्षांवाला, त्याचा तेवढ्याच काळात जवळजवळ तिसरा हिस्सा शिल्लक राहतो. ग्रॅफाइटमधल्या कार्बन-१४ साठी तर थांबून काही उपयोगच नाही, ५,७३० वर्षं. म्हणून आधी सगळी मॅग्नॉक्स केंद्रं ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं झाकून ठेवायची असं धोरण होतं, इंग्लंडमधलं ब्रॅडवेल २०१८ मध्ये त्या अवस्थेत गेलंही, पण आता केंद्र बघून ठरवतात आणि वेल्समधलं ट्रॉसफिनिथ लवकर पाडायला घ्यायचं ठरलंय. माझं मत विचाराल तर फार वाट बघणं मला पटत नाही. कोबाल्ट कमी होतो तसे ड्रॉइंग समजणारे लोकही कमी होतात.

शॅकलवाली

काका सगळं सांगून गेले पण क्रेनचं राहिलं. मी लिफ्टिंग सुपरवायझर आहे, अशा साइटवर काम केलंय.

अहो, तिथे माणसाला इजा होण्याची शक्यता रेडिएशनपेक्षा उंचावरून पडण्याची, वरून काहीतरी अंगावर येण्याची आणि अ‍ॅस्बेस्टॉसची जास्त! जुने बॉयलर, पाइप, सगळ्यांवर अ‍ॅस्बेस्टॉसचं लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) होतं. रेडिएशनला वर्षाला २० मिलिसिव्हर्टची (मिलिसिव्हर्ट म्हणजे डोसचं माप) कायदेशीर मर्यादा आहे, प्रत्येकाच्या छातीवर डोस मोजणारा डोसिमीटर असतो, बाहेर पडताना हात-पाय मॉनिटरवर ठेवल्याशिवाय दार उघडत नाही. स्कॅफोल्डचा एक क्लॅम्प ढिला असेल तर तो कुठल्या मॉनिटरवर वाजणार? २०१४ मध्ये ओएनआर स्वतंत्र झाल्यापासून लायसन्सवाल्या साइटवरची साधी कामगार सुरक्षाही त्यांच्याकडेच आहे, म्हणून तो क्रेनच्या वायररोपचं सर्टिफिकेट मागतो. आणि मागायलाच हवं, कारण त्याच क्रेनला कधीकधी कचऱ्याचा भरलेला डबा लटकत असतो. समुद्रात किंवा हवेत काय सोडलं ते मात्र ओएनआर नाही, इंग्लंडमध्ये एन्व्हायर्न्मेंट एजन्सी बघते, तो प्रश्न चुकीच्या माणसाला विचारलात तर मीटिंगमध्ये नुसती टोलवाटोलवी होईल.

मी कमिटीत असते तर कॉन्ट्रॅक्टरबद्दल विचारलं असतं. साइटचे कायमचे लोक कमी होत जातात, आज एक टोळी उद्या दुसरी, त्यांना कामाआधी कोण समजावून सांगतं आणि काम थांबवायचा अधिकार कोणाला आहे? आमच्याकडे एकदा हॉट कटिंग (ज्योतीने धातू कापणं) चालू असताना फायर वॉचवाल्याला, म्हणजे आग लागते का बघत उभ्या असलेल्या माणसाला, दुसऱ्या कामाला पाठवलं होतं, कागदावर मात्र तो तिथेच उभा होता.

हिशेबनीस

काका, ताई, खूप आभार, ऑडिटचं म्हटल्यावर एकदम डोक्यात शिरलं. म्हणजे रंगापेक्षा सॅम्पल कुठून घेतलं ते महत्त्वाचं. अजून एक, तो रेग्युलेटरी इश्यू म्हणून जी ओळ आहे ती पुढच्या पानावर ढकललेली वाटते, 'काम सुरू आहे' एवढंच लिहिलंय. हे विचारलेलं चालेल का, का उगाच आडमुठेपणा दिसेल?

गायगर_काका

तोच तर विचारायचा! इश्यू म्हणजे इन्स्पेक्टरने नोंदवलेला, अजून न सुटलेला मुद्दा, त्याला लेव्हल असते, १ ते ४, १ सगळ्यात गंभीर. लेव्हल काय, पहिल्यांदा कधी नोंदला, बंद करायची तारीख किती वेळा पुढे गेली आणि पुढे ढकलायला इन्स्पेक्टरने कशाच्या आधारावर हो म्हटलं, एवढं विचारा. जुने तिमाही रिपोर्ट ओएनआरच्या साइटवर सापडतील, तुम्ही अकाउंट्सवाले आहात तर एका एक्सेल शीटमध्ये कंडिशन नंबर आणि तारखा टाका. ज्या कंडिशनकडे बरेच दिवस कोणी फिरकलंच नाही ती लगेच दिसेल. एलसी ३६ नक्की बघा, ती पुरेशी आणि योग्य माणसं आहेत का याबद्दलची आहे, शॅकलवाली म्हणतायत तो प्रश्न त्याच खाली येतो. आणि प्रश्न आधी लेखी पाठवा, नाहीतर 'माहिती घेऊन सांगतो' ऐकून परत याल.