शेंगा चटणी पुण्यात जाऊन महिन्या-दीड महिन्यात खवट होतीय, पॅकिंगमधलं कुणाला माहिती आहे का? (मदत हवी आहे)

नमस्कार. दक्षिण सोलापुरात आमचं गाव, चार एकर रान, खरिपाला थोडा भुईमूग आणि रब्बीला ज्वारी. तीन वर्षं झाली मी, आत्या (माझ्या सासूबाई) आणि गल्लीतल्या दोघीजणी मिळून शेंगा चटणी आणि कडक भाकरी करून विकतोय. सुरुवात गड्ड्याच्या जत्रेत झाली, पाहुण्यांचा स्टॉल होता त्याच्या कोपऱ्यात दोन डबे ठेवले होते, चार दिवसात दोन्ही रिकामे. मग शहरात ओळखीच्या दोन-तीन दुकानांत माल द्यायला लागलो आणि यंदा पुण्यातल्या एका दुकानदाराने मागितला म्हणून फेब्रुवारी अखेरीला पाव किलोची ६० पाकिटं पाठवली.

एप्रिलमध्ये त्यातली ३८ परत आली. पाकीट फोडलं की आधी वासच येतोय, जुन्या तेलासारखा, आणि जिभेवर कडवट. दुकानदार चांगला माणूस आहे, भांडला नाही, म्हणाला ताई चव एक नंबर होती पण दुसऱ्यांदा गिऱ्हाईक आलं नाही. मला पैशापेक्षा हे जास्त लागलं, कारण आत्या पहाटे चारला उठून उखळात कुटते, मिक्सरला हात लावू देत नाही, आणि खरं सांगते मिक्सरची चटणी नि कुटलेली चटणी यात फरक असतोयच, कुटल्यावर दाण्याचं तेल सुटून चटणी कशी ओलसर गोळा धरते ते मिक्सरमध्ये होत नाही, नुसता भुगा होतो.

आमची पद्धत सांगते म्हणजे चूक कुठं आहे ते कळेल. दाणे मंद आचेवर भाजायचे, चोळून सालं सुपानं पाखडायची, मग लसूण (कच्चाच, सोलून), जिरं, मीठ, लाल तिखट घालून थोडं थोडं कुटायचं. संध्याकाळी पॅक करतो कारण गाडी सकाळी लवकर निघते. पिशवी साधी प्लास्टिकची, पारदर्शक, हाताच्या मशिनने सील. नवल म्हणजे त्याच दिवशीची चटणी घरी स्टीलच्या डब्यात होती ती एप्रिलमध्येपण बरी होती, म्हणून आत्या म्हणतीय दोष चटणीचा नाही.

तर मला विचारायचंय की पिशवी कुठली घ्यावी, व्हॅक्यूम करावं का, एक जण म्हणाला प्रिझर्व्हेटिव्ह टाका, ते मला टाकायचं नाही, आणि दुसरं एक, दुकानदार म्हणतोय भाकरीच्या पाकिटावर 'मंगळवेढ्याची ज्वारी' छापा, खपते, पण ज्वारी आमच्या रानातली आहे, मंगळवेढ्याची नाही. छापावं का? मनाला पटत नाहीये. फूड लायसन्सचं म्हणाल तर बेसिक रजिस्ट्रेशन २०२२ मध्येच काढलंय, तेव्हा १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाला १०० रुपये होते, १४ आकडी नंबर पाकिटावर आहे.

प्रतिसाद १ (बार्शी, मसाल्याचा धंदा)

ताई, तुमच्या आत्या बरोबर आहेत, घरचा डबा टिकला यातच उत्तर आहे. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतंय, कुटल्यावर ते बाहेर येतं आणि हवा लागली की खवट होतं, ऊन आणि उजेड मिळाला तर अजून लवकर. साध्या पातळ पिशवीतून हवा हळूहळू आत जातच राहते, सील कितीबी घट्ट असलं तरी. वर पारदर्शक पिशवी, दुकानातली ट्यूबलाइट, मार्च-एप्रिलची गाडी. डब्यात यातलं काहीच नव्हतं.

आतून अॅल्युमिनियमचा थर असलेले पाऊच घ्या, चहा पावडरला असतात तसले. महाग पडतात, पण ३८ पाकिटं परत येण्यापेक्षा स्वस्त. व्हॅक्यूम करू नका, मी करून बघितलंय, चटणीची वीट होते आणि तेल दाबून कडेला येतं. त्यापेक्षा आत ऑक्सिजन शोषणारी छोटी पुडी टाका, चटणीत मिसळत नाही, खायची नसते हे पाकिटावर लिहा. नायट्रोजन भरायचं मशीन चांगलं पण ६० पाकिटांसाठी परवडणार नाही. आणि सील करायच्या जागेवर तेलाचं बोट लागू देऊ नका, तिथं तेल असलं की सील वरून छान दिसतं नि हलकं दाबलं तरी उघडतं. पाऊच भरताना आम्ही कागदाचं नरसाळं लावतो.

प्रतिसाद २ (मोहोळ)

पॅकिंगचं वरच्यांनी सांगितलं. मी दाण्याचं सांगतो. फोडलेले दाणे किती दिवस ठेवता? शेंग फोडली की दाणा लवकर बिघडतो, टरफलात जास्त टिकतो. आम्ही शेंगाच साठवतो आणि लागतील तशा फोडतो. फुटलेला, सुरकुतलेला, काळा डाग पडलेला दाणा वेचून काढायचाच, त्यानं चव तर जातेच पण बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते भाजून जात नाही. इथं कंटाळा करायचा नाही.

लसूण कच्चा घालता म्हणताय, लांब जाणाऱ्या मालाला तो ओलावा नडतो. पाकळ्या चिरून तव्यावर कोरड्या करून मग कुटा. आणि संध्याकाळी पॅक करता तेव्हा चटणी कोमट नसते ना? कोमट भरली की पिशवीत आतून घाम धरतो.

ज्वारीचं विचाराल तर छापू नका. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, ते नाव त्या भागातल्या ज्वारीचं आहे, तिथल्या शेतकऱ्यांनी धडपड करून मिळवलेलं. तुमचं वाण मालदांडी असेल तर 'मालदांडी ज्वारी' लिहा, तेच खरं आहे, मालदांडी ३५-१ आमच्या मोहोळच्याच संशोधन केंद्रात निवडलेलं वाण आहे आणि सोलापुरात कुणाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

प्रतिसाद ३ (पुणे, मूळची अक्कलकोटची)

गिऱ्हाईक म्हणून बोलते. मला पाव किलो नको असतं, घरात दोनच माणसं, फोडलेलं पाकीट महिनाभर उघडं राहतं आणि मग आम्हीच म्हणतो खवट झाली. १०० ग्रॅमचं करा. बनवल्याची तारीख मोठ्या अक्षरात छापा, आणि 'यात शेंगदाणा आहे' असं वेगळं लिहा, अॅलर्जीवाल्यांसाठी ते लागतंच. भाकरीचा चुरा होऊन येतो तो प्रश्न तुम्हाला आहे का? मी नेहमी गोल पत्र्याच्या डब्यात घालून नेते गाडीतून.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे खूप आभार, रात्री आत्याला वाचून दाखवलं. कोमटचं ऐकून ती गप्प झाली, कारण पुण्याच्या ऑर्डरला घाई होती आणि त्या दिवशी खरंच आम्ही गार व्हायची वाट बघितली नव्हती. दाणेपण फोडून पोत्यात ठेवलेले होते, पंधरा-वीस दिवसांचे असतील. लसणाला ती आधी नको म्हणाली, चव बदलेल, मग सकाळी स्वतःच थोडा तव्यावर कोरडा करून कुटून बघितला आणि काही बोलली नाही, दुसरी वाटी घेतली.

आता असं ठरवलंय, एकाच दिवशीची चटणी १०० ग्रॅमची १२ पाकिटं करायची, सहा जुन्या पिशवीत, सहा थराच्या पाऊचमध्ये पुडी टाकून, आणि सगळी माळवदाखालच्या खोलीत उन्हाच्या खिडकीशी ठेवायची. दर आठवड्याला दोन्हीतलं एकेक फोडायचं. पुण्याच्या दुकानदारालापण तसं कळवलंय, तो थांबायला तयार आहे. भाकरीवर मालदांडीच छापणार.

भाकरीचा चुरा होतोच की ओ ताई, दहातल्या तीन-चार तुटून पोचतात. पत्र्याचा डबा कुरिअरला महाग पडतो. पुठ्ठ्याचे गोल डबे, मिठाईवाल्यांकडं असतात तसे, सोलापुरात किंवा जवळपास थोड्या नगात कुठं मिळतील, पन्नासच हवेत, हजार घ्या म्हणतात सगळे. कुणाला माहिती असेल तर सांगा.