चेल्सीचं मैदान चेल्सीत का नाही?

मिरजेचा_गोलकीपर:
शनिवारी इंग्लंडची फुटबॉल प्रीमियर लीग लागली की माझा धाकटा भाऊ मोबाईलवर नकाशा उघडून बसतो. लिव्हरपूल, न्यूकॅसल पटकन सापडतात. आर्सेनल नावाचं गाव मात्र काही केल्या मिळेना, आणि चेल्सीचं स्टॅमफर्ड ब्रिज चक्क फुलहॅममध्ये निघालं! फुलहॅमचा तर स्वतंत्र क्लब आहे. ही नावं पडली कशी?

थेम्सकाठची:
आर्सेनलचं मी सांगते, लंडनच्या वूलिचमध्येच राहते. इथे तोफा आणि दारूगोळा बनवणारा सरकारी कारखाना होता, रॉयल आर्सेनल. त्यातल्या डायल स्क्वेअर विभागातल्या कामगारांनी १८८६ मध्ये संघ काढला. विभागाच्या दारावर सूर्यघड्याळ, म्हणून संघाचं पहिलं नावही डायल स्क्वेअरच. मग रॉयल आर्सेनल, पुढे वूलिच आर्सेनल. ती जुनी कमान अजून उभी आहे, आता तिथे पब चालतो. क्लबच्या बोधचिन्हावरची तोफ इथलीच.

पण इकडे सामन्यांना गर्दी जमेना आणि पैशांची ओढाताण सुरू झाली. १९१३ मध्ये क्लब नदी ओलांडून उत्तर लंडनला हायबरीला गेला, लवकरच 'वूलिच' गळून पडलं. १९३२ मध्ये मॅनेजर हर्बर्ट चॅपमन यांनी पाठपुरावा करून तिथल्या गिलेस्पी रोड स्टेशनचं नावच आर्सेनल करून घेतलं. फलाटाच्या भिंतीवर जुन्या फरशांमध्ये 'गिलेस्पी रोड' आजही वाचता येतं. मला त्या फरशा फार आवडतात, गेलात तर नक्की बघा. आमच्या वूलिचला मात्र क्लब उरला नाही, याचं वाईट वाटतं.

निळा_कट्टा:
चेल्सीचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. गस मिअर्स यांनी १९०४ मध्ये स्टॅमफर्ड ब्रिजचं मैदान घेतलं आणि आधी फुलहॅम क्लबलाच तिथे बोलावलं. फुलहॅमने नकार दिला. मग १९०५ मध्ये मिअर्सनी स्वतःचाच क्लब काढला. फुलहॅम हे नाव आधीच गेलेलं, म्हणून शेजारच्या चेल्सीचं घेतलं.

लाल_पाखरू:
लिव्हरपूलची गोष्ट याहून भारी आहे. त्यांच्या अॅनफिल्ड मैदानावर आधी एव्हर्टन क्लब खेळायचा! १८९२ मध्ये मैदानाचे मालक जॉन हौल्डिंग यांच्याशी भाड्यावरून बिनसलं आणि एव्हर्टन स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्कला गेलं. हौल्डिंगकडे मैदान उरलं, संघ नाही. त्यांना एव्हर्टन हेच नाव ठेवायचं होतं, पण फुटबॉल असोसिएशनने ते दिलं नाही. म्हणून नवा संघ काढून त्यांनी अख्ख्या शहराचंच नाव घेतलं. मी पक्का लिव्हरपूलवाला, तरी सांगतो, अॅनफिल्डचा पहिला मान एव्हर्टनचा. त्यांच्या बोधचिन्हावरचा बुरूज एव्हर्टनच्या टेकडीवर आहे, १७८७ मधली जुनी कोठडी.

सदाशिव_पेठ_एक्सआय:
मिलवॉल क्लबचंही असंच. १८८५ मध्ये लंडनमधल्या आयल ऑफ डॉग्जवरच्या मिलवॉल भागात, मुरंब्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढलं. १९१० मध्ये थेम्सच्या दक्षिणेला गेलं, पण नाव सोडलं नाही.

आणि पुण्याचं नातं विसरू नका. २०१० मध्ये इथल्या व्यंकीज समूहाने इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लब विकत घेतला. १८७५ मध्ये तो सुरू झाला तेव्हा त्याला स्वतःचं मैदान नव्हतं, पहिल्या हंगामात दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळत फिरला. १८९० पासून ईवुड पार्कवर आहे, तोही ब्लॅकबर्नमध्येच.