वाचनालयातील प्रदर्शन : ही तीन छायाचित्रे लावावीत की काढावीत?

प्रश्न – अमळनेरकर

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात उन्हाळी सुटीत मुलांसाठी जगभरातील नवलाईच्या छायाचित्रांचे छोटे प्रदर्शन भरवायचे ठरले आहे. बहुतेक चित्रांची निवड झाली असली, तरी तीन चित्रांवर कार्यकारिणीत एकमत होत नाही. त्यांपैकी एकात उपग्रहातून दिसणारा दिवाळीच्या रात्रीचा रंगीबेरंगी भारत आहे, दुसऱ्यात इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या बरेच वर, चक्क हवेत उभे असलेले जहाज आहे आणि तिसऱ्यात लहानशा होडीतील माणसाच्या अगदी मागे आलेला शार्क आहे. काही सदस्यांच्या मते तिन्ही चित्रे संगणकावर बनवलेली आहेत. मुलांपुढे खोटे काही जाऊ नये हे मला मान्य आहे. पण केवळ आपल्या बुद्धीला अशक्य वाटते म्हणून खरे चित्र वगळणेही पटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – तापीकाठ

दादा, जहाजाचे चित्र बिनधास्त लावा. ते २०२१ साली कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरून टिपलेले आहे आणि त्यामागचे कारण खान्देशातील मुलांना इतरांपेक्षा लवकर समजेल. मे महिन्यात एस.टी.च्या पुढच्या बाकावर बसून भुसावळकडे निघालात, की दूरवर डांबरावर पाणी साचलेले दिसते आणि समोरून येणाऱ्या ट्रकचे त्यात प्रतिबिंबही पडलेले असते. तापलेल्या रस्त्यालगतची हवा गरम आणि तिच्या वरची त्या मानाने थंड असल्यामुळे प्रकाशाचे किरण वरच्या बाजूला वळतात व आकाशाचा तुकडा आपल्याला जमिनीवर दिसतो. कॉर्नवॉलला नेमके उलटे घडले. समुद्रालगत थंड हवा आणि तिच्यावर उबदार हवेचा थर असल्याने किरण खाली वळले आणि जहाज आहे त्यापेक्षा उंचावर दिसले. आपले मृगजळ आणि ते जहाज शेजारी शेजारी लावता आले, तर फारच उत्तम.

दिवाळीच्या चित्राबाबत मात्र सावध राहावे. ते बनावट नाही, पण त्याखाली फिरणारी ओळ साफ चुकीची आहे. अमेरिकी हवामान उपग्रहांनी वेगवेगळ्या वर्षी टिपलेले रात्रीचे दिवे एकत्र करून ते २००३ साली तयार केले गेले. त्यातील पांढरा रंग आधीपासूनच्या दिव्यांचा असून निळा, हिरवा आणि तांबडा हे रंग अनुक्रमे १९९२, १९९८ आणि २००३ मध्ये नव्याने दिसलेल्या दिव्यांचे आहेत. म्हणजे वस्ती आणि वीज कुठे कुठे पसरत गेली, त्याचा तो नकाशा आहे. २०१२ च्या दिवाळीत टिपलेले खरे चित्र नासाने प्रसिद्ध केले, तेव्हा आपल्या पणत्या-आकाशकंदिलांचा जादा उजेड अवकाशातून वेगळा ओळखूही येत नाही, हे स्पष्ट झाले. चित्र ठेवा, मथळा बदला.

उत्तर – सातपुड्याचा वाटसरू

शार्कचे चित्र अस्सल आहे. थॉमस पेशाक यांनी ते २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर काढले. होडीतील व्यक्ती संशोधक असून, पांढऱ्या शार्कचा माग काढताना इंजिनाच्या आवाजाने तो बिचकू नये म्हणून वल्ह्याची होडी वापरली होती. त्या माणसाची मागे वळलेली मान आणि नितळ पाण्यातून दिसणारे शार्कचे अख्खे शरीर मुलांना जवळून पाहू द्या. दुर्दैव असे, की अनेकांनी या खऱ्या चित्रालाच खोटे ठरवले आणि त्यातला शार्क कापून पूर आलेल्या रस्त्यावर चिकटवलेली बनावट चित्रे मात्र २०११ पासून प्रत्येक मोठ्या वादळाच्या वेळी खरी म्हणून फिरत राहिली. जमल्यास दोन्ही एकाच फलकावर लावा.

उत्तर – गिरणेकाठची वाचक

जगभरातील चित्रे लावत आहात, तर चाळीसगावच्या कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) यांना विसरू नये, अशी कळकळीची विनंती. अनेक दशके ते रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्याबाहेर क्वचितच पडले, आणि तरीही टेबलावर साध्या वस्तू मांडून, त्यांवर नेमका प्रकाश पाडून, विस्तीर्ण निसर्गदृश्याचा भास देणारी छायाचित्रे त्यांनी काढली. ही फसवणूक नव्हे, कारण मांडणी हीच आपली कला असल्याचे त्यांनी कधी लपवले नाही. कार्यकारिणीतील वादाचे उत्तर मला इथे दिसते : चित्र कसे घडले, हे खाली प्रामाणिकपणे लिहिले असेल, तर ते लावावे. त्यांचा बंगला आता संग्रहालय आहे. प्रदर्शनाआधी तेथे जाऊन परवानगी आणि माहिती दोन्ही घ्यावी.