सहकार्य, निधी आणि अंगणवाडीतला चहा

जुनी_मुख्यसेविका (धागाकर्ती)

काल एका ग्रुपवर पोस्ट आली. 'बालशिक्षण संशोधनात सहकार्य व निधीच्या सुवर्णसंधी', एका दिवसाची कार्यशाळा, जेवण आणि प्रमाणपत्रासह. खाली अभिनंदनांचा पाऊस. मी एवढंच विचारलं, सेविकांना बोलावलंय का? उत्तर आलं, 'ताई, हा विषय संशोधकांचा आहे.' रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून इथे लांबण लावते.

अंगणवाड्यांवर देखरेख करणारी मुख्यसेविका म्हणून ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच नागपूर जिल्ह्यातल्या कुही आणि भिवापूर तालुक्यांत. माझ्या बीटमध्ये (माझ्याकडच्या अंगणवाड्यांत) दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी 'अभ्यासाला' यायचंच. सकाळी अकराची वेळ, शेगडीवर खिचडी, मदतनीस रजेवर, आणि यांना प्रत्येक मुलाची वीस मिनिटं हवीत. एकदा अशाच एका मुलीने साडेचार वर्षांच्या पोरासमोर चित्राचं कार्ड धरलं. कोथिंबिरीची जुडी. पोरगा चटकन म्हणाला, 'सांबार'. हिने फुली मारली. पुढचं कार्ड शेंगदाण्याचं. 'फल्ली.' फुली. मग पोळ्या लाटणाऱ्या बाईचं चित्र, ही काय करते आहे? 'पोया लाटून राह्यली.' तिसरी फुली. मी म्हटलं, अहो बाई, तिन्ही बरोबर आहेत. ती म्हणे, 'मॅन्युअलमध्ये नाहीये.' आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे तिच्या गावीही नव्हतं. सेविकेने चहा पाजला, मुलीने रजिस्टरवर सही घेतली, गाडी गेली. अहवाल अजून यायचाय.

माझं म्हणणं सरळ आहे. सेविकेच्या वेळेचे पैसे प्रकल्पाच्या बजेटमध्ये वेगळे दाखवा, आणि निष्कर्ष त्या अंगणवाडीत येऊन सांगितल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, मुलं शाळेत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तेव्हा कोणत्या विद्यापीठाशी सामंजस्य करार झाला होता?

तासिका_तत्त्वावर

ताई, तुमचा राग समजतो, पण पत्ता चुकला आहे. मी गृहविज्ञान शिकवते, मानव विकास हा विषय. अकरा वर्षं तासिकेवर. तुम्हाला वाटतं आमच्याकडे निधीच्या थैल्या आहेत? यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) छोटे संशोधन प्रकल्प बंद पडले, त्यातून निदान एखादी अभ्यासक मुलगी ठेवता यायची. उरलं आयसीएसएसआर, सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला निधी देणारी केंद्राची परिषद. तिथल्या अर्जासाठी पहाटे चारला उठून प्रस्ताव मी लिहिला, वर नाव आणि सही कायम प्राध्यापकांची. मंजूर झाला असता तर मी 'फील्ड इन्व्हेस्टिगेटर' झाले असते. तुमच्या गोष्टीतली फुल्या मारणारी मुलगी बहुधा माझ्यासारखीच असेल, दिवसाला ठरावीक फॉर्म भरले नाहीत तर पैसे नाहीत. तिच्यावर का तुटून पडता?

आणि कार्यशाळेला नावं ठेवणं सोपं आहे. कुठे अर्ज करायचा हे सांगणारं तेवढंच ठिकाण असतं.

जुनी_मुख्यसेविका

तुटून कुठे पडले? अहवाल मागितला.

आकडेमोड

मला मूळ प्रश्नच पटलेला नाही. संशोधन हवं कशाला? बालपणात गुंतवा, कित्येक पटीने परत मिळेल, असं प्रत्येक भाषणात ऐकतो. त्याच्या मुळाशी अमेरिकेतला पेरी प्रीस्कूल प्रयोग, गरीब घरच्या मुलांना बालवाडी देऊन पाहणारा, १९६२ ला सुरू झालेला, एकूण १२३ मुलं. एवढ्यावर आपण नागपूरजवळच्या हिंगण्याचं धोरण ठरवायचं? सेविकांनी ४ डिसेंबर २०२३ पासून ५० दिवसांहून जास्त संप केला, ऐन हिवाळी अधिवेशनात. त्या काय मागत होत्या हे कळायला संशोधन लागत नाही. केंद्राने ठरवलेलं मानधन २०१८ मध्ये साडेचार हजार झालं, पुढे वर्षानुवर्षं तिथेच अडकलं. आधी ते द्या.

मेडिकल_चौक

१२३ म्हणून हसण्याआधी पुढचंही वाचा. जमैकात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेली १२९ बाळं घेतली. आरोग्यसेविका दर आठवड्याला घरी जायच्या आणि टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी आईला बाळाशी खेळायला शिकवायच्या. दोन वर्षं. वीस वर्षांनी तीच मुलं शोधून काढली तेव्हा ज्यांच्या घरी या भेटी झाल्या होत्या त्यांची कमाई २५ टक्क्यांनी जास्त निघाली. वीस वर्षं त्याच मुलांचा माग ठेवणं कुठल्या पंचायत समितीला जमेल? त्याला विद्यापीठ लागतं, आणि पैसा लागतो.

लांब कशाला, गडचिरोलीची 'सर्च' ही आरोग्य संस्था घ्या. गावातल्याच बायकांना शिकवून घरी नवजात बाळांची काळजी घेतली, ३९ गावांत प्रयोग, ४७ गावं तुलनेला. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं, पुढे २०११ मध्ये देशभरच्या आशा सेविकांच्या कामात गेलं. ताई, तुम्ही म्हणता तसं 'गाडी आली, गाडी गेली' संशोधन सगळीकडे नाही. आणि परदेशी सहकार्य नागपुरात होत नाही असंही नाही. गरोदर स्त्रिया आणि बाळांवर काम करणाऱ्या अमेरिकी जागतिक नेटवर्कचं एक केंद्र इथेच उभं राहिलं, लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन आणि बोस्टन विद्यापीठाने मिळून चालवलं.

आकडेमोड

तुमची सगळी उदाहरणं डॉक्टरांची आहेत. बाळ जगलं की मोजता येतं म्हणून पैसा येतो. चार वर्षांचं मूल गोष्ट ऐकताना काय विचार करतं यासाठी कोण देतं? आंबेडकर विद्यापीठ दिल्ली आणि शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'ने २०११ ते २०१६ सुमारे १४,००० मुलांचा पाठपुरावा केला. राजस्थान, आसाम, आंध्र-तेलंगण. महाराष्ट्र नाहीच.

(बाकी जमैकाचं माहीत नव्हतं. बघतो.)

पारडीचा_भाऊ

महाराष्ट्र नाही म्हंता, आन् असता तरी पुन्यातच झाला असता न भाऊ. विदर्भ महाराष्ट्रात घ्याच्या १९५३ च्या नागपूर करारात काय लिवलं होतं? लोकसंख्येच्या प्रमानात निधी. तो पैसा कुटी गेला हे पहिले विचारा, मंग जमैका.

आन् ताई, सांबारवाल्या पोराले शून्य दिलं, हे वाचून डोकं तापलं बे. आमच्या घरी कोथिंबीर हा शब्द फक्त यूट्यूबवर येते.

पुणेकर_सध्या_नागपुरात

थोडं थांबा. भावना समजू शकतो, पण चाचणीत प्रमाण शब्द असणं आवश्यकच आहे, नाहीतर दोन जिल्ह्यांतली मुलं तोलणार कशी? उद्या पहिलीच्या पुस्तकात 'कोथिंबीर'च येणार आहे. आणि सांबार म्हणजे इडलीबरोबरचं, असं अख्ख्या देशाला वाटतं.

पारडीचा_भाऊ

इडलीसोबतचं सांबार देशाले पायजे, देशानं ठेवा. तुमी इकडं राहून राह्यले तर निदान सब्जीवालीले विचारा.

पुणेकर_सध्या_नागपुरात

विचारलं होतं. पहिल्या आठवड्यात 'कोथिंबीर द्या' म्हटलं तर ती म्हणाली, 'ते काय असते?' बायको अजून हसते. पण मी मुद्दा मांडतोय, तुम्ही अंगावर येताय.

तासिका_तत्त्वावर

पुणेकर, मुद्दाच चुकीचा आहे, इथे मी ताईंच्या बाजूने (नाइलाजाने). पोराला वस्तू ओळखता येते का हे तपासायचं असेल तर 'सांबार' हे शंभर टक्के बरोबर उत्तर आहे. प्रमाण शब्द येतो का, ही वेगळी चाचणी. दोन्ही एकत्र केलं की 'विदर्भातल्या मुलांची शब्दसंपत्ती कमी' असा निष्कर्ष छापून येतो आणि तो मुलांच्या कपाळी चिकटतो. 'लाटून राह्यली' हे तर पक्कं व्याकरण आहे, चालू क्रिया पोराने अचूक सांगितली. २०२२ च्या, लहान मुलांच्या शिक्षणासाठीच्या राष्ट्रीय पायाभूत स्तर आराखड्यातही घरच्या भाषेवर भर आहे.

खापरखेडा_ते_खामला

अवांतर: आलू, फल्ली, ऐनक हे आपल्याकडे राहिलं कारण १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रांताची, मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं. त्याला अशुद्ध म्हणणाऱ्यांना माझी आजी 'बम शहाणा' म्हणायची. माझ्या मुलीला बालवाडीच्या प्रवेशाला (शाळेचं नाव नको) ढेमसं दाखवून 'व्हॉट इज धिस' विचारलं. ती म्हणाली 'ढेमसं'. त्यांना 'टिंडा' हवं होतं. तो कोणत्या भाषेतला इंग्रजी शब्द आहे?

पारडीचा_भाऊ

ढेमसंऽऽ 😂 धागा वसूल.

मेडिकल_चौक

सगळे भाजीबाजारात गेलात. मूळ मुद्दा निधीचा होता. २०२३ च्या कायद्याने संशोधनाला निधी देणारं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं, पाच वर्षांत ५०,००० कोटींची भाषा. त्यातले सरकारचे १४,०००, उरलेले उद्योग आणि दात्यांकडून येतील असा हिशेब. मला सांगा, कोणता उद्योग ढेमशाच्या कार्डासाठी पैसे देईल? आणि ताई, सेविकेला मोबदला द्यायचा तर तो फिरवायचा कुठून? विदेशी निधी असेल तर त्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे तो वळवताच येत नाही. गावातल्या छोट्या संस्थेमार्फत काम करण्याची वाट तिथेच अडली. दोष संशोधकांचा कमी, नियमांचा जास्त.

जुनी_मुख्यसेविका

नियमांचा दोष असतो तेव्हा चहा मात्र नियमाशिवाय मिळतो, हे बघा.

पण डॉक्टरसाहेब (डॉक्टरच असाल असं धरते), एक मान्य करते. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजने युनिसेफसोबत 'आरंभ' हा लहान मुलांच्या विकासाचा उपक्रम आणला, यवतमाळात सुरुवात झाली, तेव्हा तिथल्या माझ्या एका मैत्रिणीने पालक मेळावा घेतला होता. ती म्हणाली, पहिल्यांदा कोणी फॉर्म न काढता विचारलं की तुम्ही मुलांशी काय खेळता. बाप लोक मातीत बसून चिंध्यांचा चेंडू करत होते. तिथे विद्यापीठवाले नुसते पाहुणे नव्हते. म्हणजे जमतं. मग आमच्या बीटला काहून जमलं नाही?

आकडेमोड

कारण तुमच्या बीटला आलेल्यांना पीएच.डी. संपवायची होती.

तासिका_तत्त्वावर

हे लागलं. माझीही त्यातच गेली. १२० मुलं, तीन अंगणवाड्या, निकाल सांगायला परत गेले नाही. तेव्हा कोणी विचारलंही नाही. नैतिकता समितीच्या फॉर्मवर पालकांच्या संमतीचा रकाना होता, परत जाण्याचा नव्हता. हे कारण नाही, माहीत आहे मला.

असो. ताई, यावेळी पुन्हा प्रस्ताव लिहिते आहे. कार्डं नव्याने काढणार, सांबार, फल्ली, ढेमसं सगळं चालेल असं लिहिलंय. एकदा नजरेखालून घालाल का? आणि सेविकेच्या मोबदल्यासाठी बजेटात शीर्षकच सापडत नाहीये. 'किरकोळ'मध्ये टाकू?

जुनी_मुख्यसेविका

किरकोळमध्ये नको. 'तज्ज्ञांचे मानधन' असेल ना? तिथे. नाकारलं तर काय कारण देतात ते लेखी मागा, मला बघायचंय.

कार्डं पाठवा. चहाला याल तेव्हा दूध आणा, उन्हाळ्यात इथे फाटतं.