मदत हवी आहे (अर्जंट): कुत्र्याने सासऱ्यांची कवळी पळवली

सांगलीची_सून (शुक्रवार, सकाळी 11.40)
कोणीतरी लवकर सांगा. बंड्याने अप्पांची कवळी पळवलीय आणि ती सापडत नाहीये. सगळं घर पालथं घातलं, सोफा उलटा केला, दिवाणाखालची चार वर्षांची धूळ पण निघाली, कवळी नाही. रविवारी भावजींसाठी मुलगी बघायला तासगावला जायचंय आणि अप्पा म्हणतात असलं बोळकं घेऊन मी लोकांच्या दारात जाणार नाही, तुम्ही जाऊन या. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीयेत कारण कुत्रा "माझा" आहे (आणला त्यांच्या मुलाने). खाल्ली असेल तर काय करायचं? आणि खाल्ली नसेल तर कुठे ठेवलीय हे कुत्र्याकडून काढून कसं घ्यायचं? प्लीज लवकर.

रिकामटेकडा_75
हसू नये पण हसलो. आमच्या टॉमीने 1998 साली गणपतीच्या आरतीची टाळ पळवली होती, एकच. दुसरी अजून घरात आहे.

लॅबवाली_डोंबिवली
ताई, बंड्या किती वर्षांचा, कुठली जात, वजन किती? कधी पळवली? गिळताना कोणी पाहिलं का? एवढं सांगितल्याशिवाय कोणीच काही सांगू शकणार नाही.

सांगलीची_सून
लॅब्रॅडॉर. आठ महिने. गिळताना कोणी पाहिलं नाही म्हणून तर विचारतेय ना.

करवीरकर
वहिनी टेन्शन घेऊ नका, सोपा उपाय आहे. पेलाभर कोमट पाण्यात चार चमचे मीठ टाकून पाजा, भडाभडा ओकतंय कुत्रं. आमच्या आज्ज्यानं असंच एका कुत्र्याच्या पोटातनं कोंबडीचं हाड काढलेलं.

मी_कंपाउंडर
कृपया हे कोणीही करू नका!! मिठाचं पाणी कुत्र्याला पाजून उलटी काढणं हा सगळ्यात घातक घरगुती उपाय आहे. उलटी नाही झाली की ते मीठ सगळं अंगात राहतं, रक्तात सोडियम वाढतं, झटके येतात, कुत्रा दगावतो. मी डॉक्टर नाही, पण प्राण्यांच्या दवाखान्यात 11 वर्षं टेबलापाशी उभा आहे. आणि कवळी तुटून टोकदार तुकडा झाला असेल तर उलटीत तो वर येताना अन्ननलिका फाडू शकतो, तेव्हा उलटी काढायची की नाही हे डॉक्टरलाच ठरवू दे. तसंही उलटीचा उपयोग साधारण पहिल्या दोन तासांतच, नंतर वस्तू पुढे सरकते. कधीची गोष्ट आहे ते अजून सांगितलेलं नाही तुम्ही.

करवीरकर
आमचं कुत्रं तर 14 वर्षं जगलं बरं का. असो, शिकल्याली माणसं तुम्ही.

सांगलीची_सून
काल दुपारी. अप्पा जेवून कवळी काढून डबीत पाण्यात ठेवतात आणि आडवे होतात, साडेतीनला उठले तर डबी नाही. बंड्या अंगणात डबी तोंडात धरून गोल गोल पळत होता, मी मागे लागले तर अजून जोरात पळायला लागला, त्याला वाटलं खेळतेय मी. शेवटी डबी मिळाली, झाकण उघडं, आत काही नाही.

लॅबवाली_डोंबिवली
इथेच चुकलं बघा. मागे पळालं की त्यांच्यासाठी तो पकडापकडीचा डाव होतो. माझा सुलतान चप्पल उचलली की आधी पुढचे दोन्ही कोपरे जमिनीला टेकवतो, ढुंगण वर, शेपूट पंख्यासारखी, आणि माझ्याकडे बघत थांबतो की ही उठतेय का. मी उठले की हा पसार. आता मी उठतच नाही. स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजचा दरवाजा नुसता उघडते, चप्पल तिथल्या तिथे टाकून येतो. वस्तूच्या बदल्यात वस्तू, आणि बदल्यातली वस्तू पहिलीपेक्षा भारी पाहिजे. उकडलेल्या अंड्यापुढे जगातली कुठलीच चप्पल टिकत नाही.

ज्ञानदेव_नाही_विज्ञानदेव
लॅबच्या खादाडपणाला जनुकीय कारण आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की साधारण दर चार लॅबपैकी एकात पीओएमसी नावाच्या जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि त्या कुत्र्यांना खाण्याची हाव जास्त असते. त्यामुळे बंड्याला दोष देऊ नका.

सांगलीची_सून
बरं. कवळी कुठे आहे?

दंतकथा
मी दातांची डॉक्टर आहे (माणसांच्या). कवळी पूर्ण की अर्धी? वरची की खालची? तारेच्या आकड्या होत्या का? हे महत्त्वाचं आहे. पूर्ण कवळी नुसत्या अ‍ॅक्रिलिकची असते आणि अ‍ॅक्रिलिक एक्सरेत जवळजवळ दिसत नाही. अर्धी असेल तर धातूच्या आकड्या दिसतील. जुन्या कवळीत चिनीमातीचे दात असतील तर तेही दिसतात. कुत्र्यांना कवळी आवडते याचं कारण साधं आहे, तिला तोंडाचा आणि जेवणाचा वास असतो. माझ्याकडे वर्षाला दोन तरी पेशंट कुत्र्याने चावलेली कवळी घेऊन येतात.

सांगलीची_सून
खालची, पूर्ण. तार वगैरे नाही. मग एक्सरे काढायचा की नाही?

मी_कंपाउंडर
काढा. दुसरं काही असेल ते तरी कळेल, शिवाय आतडं अडलं असेल तर गॅस कसा साठलाय त्यावरून डॉक्टरला अंदाज येतो. सोनोग्राफी पण करतात. तोपर्यंत हे बघा: उलट्या होतायत का, खातोय का, शी केली का, पोटाला हात लावू देतो का, सुस्त पडलाय का. यातलं एक जरी बिनसलं असेल तर हा धागा वाचत बसू नका, निघा.

सांगलीची_सून
खातोय?? आत्ता अप्पांच्या ताटातली अर्धी भाकरी घेऊन गेला. शी पण केली सकाळी, मी काडीने बघितली, काय वेळ आलीय माझ्यावर.

सोसायटी_पीडित
लिफ्टमध्ये नेता का कुत्र्याला? कारण आमच्याकडे चेअरमनने नोटीस लावलीय की कुत्रा जिन्याने न्यायचा, सातवा मजला आहे. प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांत स्वच्छ लिहिलंय की सोसायटीला बहुमताने ठराव करून सुद्धा पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट पण नाकारता येत नाही. प्रिंट काढून ठेवा, उपयोगी पडेल.

सांगलीची_सून
आमचं बैठं घर आहे.

सोसायटी_पीडित
पुढेमागे फ्लॅट घेतलात तर.

रांगडा_कारवानी
मूळ चूक लॅब घेतला ही आहे. थंड मुलुखातलं कुत्रं सांगलीच्या उन्हात काय करणार. आपला कारवानी घ्या, सडपातळ, इमानी, खायला कमी, चोरीची सवय नाही. कारवानीवर, म्हणजेच मुधोळ हाउंडवर, तर 2005 मध्ये पोस्टाचं तिकीट निघालंय.

लॅबवाली_डोंबिवली
चोरीची सवय नाही?? माझ्या भावाच्या कारवानीने ओट्यावरून अख्खं मटण उतरवलंय, भांडं खाली न पाडता. आणि ज्याला मैलभर पळायची खोड आहे त्याला बैठ्या घराच्या अंगणात ठेवायचा सल्ला कसला देता.

रांगडा_कारवानी
तुमच्या भावाने रानात नेला नसेल.

जर्सीसिटीकर
इकडे आमच्या ओळखीत कुत्र्याने मोजा गिळला, ऑपरेशनचं बिल बघून माणूस स्वतः आजारी पडला. विमा काढा कुत्र्याचा, पहिल्या दिवसापासून.

परळ_ते_पनवेल
सरळ परळच्या व्हेटरनरी कॉलेजला न्या. 1886 पासूनचं आहे, तिथे सगळं होतं.

सांगलीची_सून
मी सांगलीत आहे हो. नाव वाचा ना.

गूळपोळी
मग शिरवळला पण व्हेटरनरी कॉलेज आहे, पुण्याच्या वाटेवर. पण आधी गावातल्या डॉक्टरला तर दाखवा, लोक उगाच कुत्र्याला महाराष्ट्र दर्शन घडवतायत. आणि एक विचारू? घरात अजून एखादा प्राणी आहे का?

सांगलीची_सून
चिंगी आहे, पण तिचा काय संबंध. गावठी आहे, सात वर्षांची, मागच्या दारी पडलेली असते, ती कशाला हात लावत नाही.

गूळपोळी
बाईऽऽ हे आत्ता सांगताय? दोन कुत्री आहेत!

मी_कंपाउंडर
दोघांनाही तपासायला लागेल मग. चिंगी कशी आहे?

सांगलीची_सून
ती तिच्या जागी झोपलीय. ती साधी आहे हो, बंड्या तिचे कान ओढतो तरी काही करत नाही. बंड्याला नेतेय आता पाचला.

(शुक्रवार, रात्री 9.15)

सांगलीची_सून
जाऊन आले. रिक्षावाला आधी नाही म्हणाला, मग बंड्याने त्याचा कान चाटला तर हसायला लागला. एक्सरेला दोघांनी धरून आडवा केला, बाराशे गेले. कवळी दिसली नाही, पण दिसत नाही म्हणजे नाहीच असं नाही म्हणाले डॉक्टर, तुम्ही म्हणालात तेच. पोट मऊ आहे, आतडं अडल्याची काही खूण नाही. पण पोटात एक गोल गोल पांढरं दिसतंय, ते नाणं आहे!! रुपया वाटतोय. हे अजून नवीनच. आता नाण्याचं काय?

जर्सीसिटीकर
नाणं लगेच काढा! इकडे 1982 नंतरच्या एका सेंटच्या नाण्यात जवळजवळ सगळं जस्त असतं, पोटातल्या अ‍ॅसिडने विरघळतं आणि कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. गंभीर प्रकार आहे.

मी_कंपाउंडर
ते अमेरिकेतलं. आपला हल्लीचा रुपया स्टेनलेस स्टीलचा, तो विरघळत नाही. एवढ्या मोठ्या लॅबच्या पोटातून रुपया बहुतेक वेळा आपोआप बाहेर पडतो. डॉक्टरांनी परत कधी बोलावलंय?

सांगलीची_सून
मंगळवारी. तोपर्यंत शी बघत राहा म्हणाले, उलटी झाली किंवा खाणं सोडलं तर लगेच या. बदलापूर का कुठल्या त्या ताईंनी सांगितलेली अंड्याची युक्ती पण करून बघितली, अंडं खाल्लं आणि बदल्यात मला टॉवेल आणून दिला.

लॅबवाली_डोंबिवली
डोंबिवली.

करवीरकर
एरंडेल द्या चमचाभर, रुपया सकाळपर्यंत हातात.

मी_कंपाउंडर
नको!!

गूळपोळी
चिंगीकडे बघितलंत का? पिल्लं वस्तू पळवतात आणि मिरवतात. पुरून ठेवायची अक्कल मोठ्यांना असते. ती मागच्या दारी नक्की कुठे झोपते?

सांगलीची_सून
कढीपत्त्याच्या आळ्यात. तिथे गार असतं म्हणून.

गूळपोळी
…

सांगलीची_सून
थांबा.

(शुक्रवार, रात्री 10.05)

सांगलीची_सून
मिळाली. बॅटरी धरून खुरप्याने उकरलं, चिंगी शेजारी बसून बघत होती, एकदा जांभई दिली. वीतभर खाली कवळी, तिच्या खाली भावजींचा एक मोजा, अर्धी वाळलेली भाकरी आणि माझी दिवाळीपासून हरवलेली केसांची क्लिप. म्हणजे बंड्याने डबी पळवली, कवळी अंगणात सांडली, आणि या बयेने ती उचलून पुरली. एका बाजूला दोन दातांचे ओरखडे आहेत, बाकी अख्खी आहे. अप्पा म्हणतात धुऊन दे, घालतो. सासूबाई म्हणतात उकळत्या पाण्यात टाक.

दंतकथा
उकळत्या पाण्यात अजिबात नको!! अ‍ॅक्रिलिक वाकतं, मग ती कुणालाच बसणार नाही. साध्या पाण्यात, मऊ ब्रशने, भांड्याच्या साबणाने घासा, टूथपेस्ट नको, तिने चरे पडतात. आणि उद्या शनिवार आहे, जवळच्या डेंटिस्टकडे घेऊन जा, ओरखडे घासून गुळगुळीत करून देतील, काम थोड्या वेळाचं आहे. बारीक तडा गेलाय का तेही बघतील. तशीच घातली तर हिरडीला टोचेल, मुलीकडच्यांसमोर चेहरा वाकडा होईल ते वेगळंच.

रिकामटेकडा_75
कवळीपुराण संपलं तर माझा प्रश्न: टाळ एकच असेल तर जोडीची दुसरी कुठे मिळते? पुण्यात विचारलं, जोडीच देतात.

रांगडा_कारवानी
बघा, गावठी कुत्र्याची अक्कल. तुमच्या लॅबला जमलं असतं का पुरायला.

(रविवार, रात्री 8.30)

सांगलीची_सून
सगळ्यांचे आभार, विशेषतः गूळपोळी आणि दंतकथा. तासगावला जाऊन आलो. अप्पा कवळी घालून आले आणि मुलीच्या वडिलांना ही सगळी गोष्ट त्यांनी स्वतःच पहिल्या पाच मिनिटांत सांगितली, मी शेजारी बसून पोहे गिळत होते, मला कळेना कुठे बघू. त्यांच्याकडे पण लॅब निघाला. मुलगी हसली. पुढचं बोलणं पुढच्या आठवड्यात. सासूबाई बोलायला लागल्यात.
रुपया अजून आलेला नाही. बंड्या मजेत आहे, आत्ता माझी ओढणी घेऊन गेला, मी उठले नाही.

मी_कंपाउंडर
मंगळवारचा एक्सरे चुकवू नका.

सांगलीची_सून
नाही चुकवणार. अप्पाच रोज सकाळी अंगणात उभे राहून विचारतात, आला का?