मदत हवी आहे: पुरात भिंत पडली, म्हैस गेली, यादीत नावच नाही

वारणाकाठचा:
मावशीचं घर वाळवा तालुक्यात, वारणेच्या काठाला. गेल्या पुरात मागची भिंत पडली, दुभती म्हैस दावणीलाच मेली. गल्लीतल्या सगळ्यांना अनुदान आलं, हिलाच नाही. तलाठी म्हणतात तहसीलला जा, तहसीलला म्हणतात तलाठ्यांना भेटा. अर्ज नक्की कुठं करायचा? लवकर सांगा, रविवारी मला मुंबईला परत जायचंय.

पलूसकर:
पंचनामा झाला का? घर कुणाच्या नावावर?

शेतीमित्र:
ई-केवायसी राहिली असणार. यादीतला विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रात अंगठा द्या.

पलूसकर:
यादीत नावच नाही म्हणतायत, क्रमांक कुठला आणणार?

वारणाकाठचा:
पंचनामा झालाय हो, सगळ्यांचाच झाला.

ऊसवाला:
पीकविमा भरलावता का? एक रुपयावाला तर बंदच केला २०२५ ला.

वारणाकाठचा:
शेती नाही. लोकांच्या रानात भांगलायला जाते ती.

मिरजकर:
भिंत मातीची का विटांची? सरकारी आपत्ती मदतीच्या २०२२ च्या निकषांत किमान १५ टक्के पडझड लागते. कच्च्या घराला ४,०००, पक्क्याला ६,५००. २०२१ ला राज्यानं तेवढ्याच पडझडीला १५,००० दिले होते, ते त्या पुरापुरतं. त्यापेक्षा म्हशीचं बघा, त्याच निकषांत दुभत्या जनावराला ३७,५०० आहेत. गुरांच्या डॉक्टरांनी पंचनामा केलावता का?

वारणाकाठचा:
डॉक्टर येऊन गेले, कागद दिला नाही. म्हैस पुरली. कानातला पिवळा बिल्ला मावशीनं काढून तांदळाच्या डब्यात ठेवलाय.

मिरजकर:
झ्याक. त्या नंबरावरून दवाखान्यात नोंद सापडंल.

कृष्णामाई:
हे सगळं वरवरचं. कृष्णेवरचं कर्नाटकातलं अलमट्टी धरण ५१९ वरून ५२४ मीटर झालं की घरंच राहणार नाहीत.

ऊसवाला:
वारणेला पाणी चांदोली धरणाचं येतं ओ.

कृष्णामाई:
आणि कृष्णेच्या तुंबलेल्या पाण्याची फुग हरिपूरच्या संगमापासनं वारणेत मागं सरकते ती?

पलूसकर:
त्याचा वेगळा धागा काढा. घर कुणाच्या नावावर, परत विचारतोय.

वारणाकाठचा:
नमुना ८ ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्याला, मावशीच्या सासऱ्यांचं नाव आहे, ते वारले. दीर कराडला असतो.

पलूसकर:
मग आधी यादीत सासऱ्याचं आणि दिराचं नाव बघा. पैसे दिराच्या खात्यावर गेलेही असतील. नसतील तर तहसीलदारांच्या नावे अर्ज करा, सोबत पंचनाम्याची नक्कल, रेशनकार्ड, लाईटबिल आणि दिराचं संमतिपत्र. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

वारणाकाठचा:
दिराचं नि मावशीचं बोलणं नाही. संमतिपत्राशिवाय होत नाही का?

मिरजकर:
म्हशीला दिराची सही कशाला? बिल्ला तिच्या नावावर असंल तर तो अर्ज आजच टाका.

ऊसवाला:
दीर कराडात कुठं असतो? मलकापुरात माझा मेव्हणा आहे.