शॉक अ‍ॅब्सॉर्बरला ‘धक्काशोषक’ म्हणावं का?

कोलोरॅडोकर: मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहिलाय. गाडीमागे ओढायचा आमचा छोटा, एका आसाचा ट्रेलर आहे, त्यातच झोपायचं, त्यातच स्वयंपाक. इथल्या अशा पुष्कळ ट्रेलरना कंपनीतून नुसते पाटे (पोलादी पट्ट्यांच्या कमानदार स्प्रिंगा) येतात, शॉक नसतातच. मी लिहिलं, ‘पाटे बसले होते, म्हणून घरीच शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवले.’ आस लोंबकळला तर शॉक पूर्ण ताणला जाऊ नये, चाक वर आलं तर पूर्ण दाबलाही जाऊ नये. ते अंतर मोजण्यातच अख्खा शनिवार गेला.

संपादिकाबाईंनी सगळीकडे ‘धक्काशोषक’ केलं. मला पटत नाही, कारण अर्थच चुकतो. धक्का झेलतो तो पाटा. झेलल्यावर तो खालीवर होत राहतो, ती उसळी शॉक जिरवतो: आतलं तेल बारीक भोकांतून रेटलं जातं आणि तापतं. दुसरा शब्द आहे का?

वैनगंगा: मूळ इंग्रजी नावच फसवं आहे. ब्रिटनमध्ये डॅम्पर म्हणतात. भौतिकीत डॅम्पिंगला ‘अवमंदन’ आहे, तर ‘अवमंदक’ घ्या. किंवा ‘दमक’. डॅम्प आणि दमन एकच ना?

मुळाक्षर: नाही हो. डॅम्प हा जर्मन ‘डाम्फ’च्या घरातला, म्हणजे वाफ. आपल्या ‘दम्’चं इंग्रजीतलं भावंड ‘टेम’, माणसाळवणं. आणि ‘अवमंदक’ दुकानात मागून कोण देणार? शॉक म्हणा. तो मराठीच झालाय.

वैनगंगा: दुकानात चालतं तेवढंच लिहायचं तर मराठीत नवा शब्द कधी रुजणारच नाही. ट्रेलरलाही शब्द आहे. आजोळी टप घातलेली दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, होती, तिच्यातून आम्ही जत्रेला जायचो. ‘दमणी’ म्हणा!

कोलोरॅडोकर: दमणीत बसून जातात. ट्रेलर चालू असताना आम्ही आत कुणाला बसवत नाही.

सोलापूर_रोड: वडिलांचं पाट्यांचं वर्कशॉप होतं. तिथे ‘शॉकअप’ एवढाच शब्द. पण मला तुमचं पहिलंच वाक्य खटकलं. ‘पाटे बसले’ म्हणजे कमान सपाट झाली, पाट्याला वजन पेलवेना. शॉक वजन पेलत नाही. पाटे खरंच बसले असतील तर शॉक घालून काही होणार नाही.

कोलोरॅडोकर: मला ‘फार उसळतात’ म्हणायचं होतं.

मुळाक्षर: ‘बसणे’ची गंमत पाहा. शॉक बसवला म्हणजे लावला, शॉक बसला म्हणजे विजेचा झटका, पाटा बसला म्हणजे निकामी.

वैनगंगा: आमच्याकडे घसाही बसतो, भिंतही बसते.

कोलोरॅडोकर: आज सपाट जागी लावून दोन्ही बाजूंची उंची मोजली. डावा पाटा खरोखर बसलाय. वाक्य चुकून बरोबर निघालं.

सोलापूर_रोड: मग दोन्ही पाटे एकदम बदला, एकच नवा घातला तर ट्रेलर कलेल. पाटा आसाला आवळणारे यू-बोल्टही नवे घ्या, जुने परत आवळू नका.